मॅनेजर हाकलला की संघ जिंकायला लागतो, हे कितपत खरं?

इंग्लंडात हिवाळा असतो तेव्हा तिथली दुपारी तीनची मॅच आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होते आणि साडेदहाच्या आत आटोपते. सोलापुरात जेवण उरकून मॅच बघायची आणि मग सात रस्त्याकडे चहाला बाहेर पडायचं, यासाठी अगदी सोयीची वेळ. तिथल्या गाड्याभोवती युरोपातल्या निम्म्या क्लबांच्या जर्सी दिसतात आणि संवाद ठरलेला असतो. "काय बे, परत हरले की तुमचे." "अरे त्या मॅनेजरला हाकला बे आधी. नवीन येऊ दे, मग बघ." तेवढ्यात कुणाचा तरी मोबाइल वाजतो. बातमी आलेली असते: कुठल्या तरी क्लबने कुणाला तरी खरंच हाकललेलं असतं.

ज्यांच्या घरी क्रिकेटशिवाय दुसरा खेळ लागत नाही, त्यांना यातलं काहीच कळत नाही. क्रिकेट संघाचा मॅनेजर म्हणजे हॉटेलच्या खोल्या आणि सामानाच्या बॅगा बघणारा माणूस. गोल खाल्ला गोलकीपरने, पेनल्टी घालवली स्ट्रायकरने, आणि नोकरी गेली कोट घालून रेषेबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाची? प्रश्न रास्त आहे. फुटबॉल कोळून प्यायलेल्यांनीही तो स्वतःला अधूनमधून विचारावा, कारण 'नवीन येऊ दे, मग बघ' या वाक्यात दोन दावे दडले आहेत. एक, संघ हरतोय तो मॅनेजरमुळे. दोन, तो बदलला की निकाल बदलतात. पहिला दावा अर्धामुर्धा खरा आहे. दुसरा मात्र बहुतेक वेळा भास आहे, आणि तो भास का होतो हे समजून घेण्यासारखं आहे.

मॅनेजर नेमकं करतो काय?

इंग्लंडमध्ये 'मॅनेजर' हा जुन्या काळी क्लबचा सर्वेसर्वा असायचा. सराव घेणं, अकरा जण निवडणं, कुणाला विकत घ्यायचं, कुणाला विकायचं, कुणाचा पगार वाढवायचा, पोरांच्या अकादमीतून कुणाला वर घ्यायचं, सगळं त्याच्याच टेबलावरून जायचं. युरोपात इतरत्र मात्र कामाची वाटणी होती. 'हेड कोच' फक्त संघ खेळवणार आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचं बघणार 'स्पोर्टिंग डायरेक्टर'. आता इंग्लंडही त्याच वाटेने चाललं आहे. २०२४ मध्ये लिव्हरपूलमध्ये आलेले आर्ने स्लॉट आणि मँचेस्टर युनायटेडमध्ये आलेले रुबेन आमोरिम या दोघांचंही अधिकृत पद हेड कोच असंच होतं. आपण बोलताना सगळ्यांना मॅनेजरच म्हणतो, या लेखातही तसंच म्हणू.

पण या बदलाकडे दुर्लक्ष करू नका. ज्या माणसाने खेळाडू निवडलेच नाहीत, त्यालाच त्या खेळाडूंच्या खेळाबद्दल काढलं जातं. मागच्या मॅनेजरला हवा होता म्हणून घेतलेला बचावपटू, त्याच्याही आधीच्याला आवडायचा म्हणून पाच वर्षांच्या करारावर ठेवलेला मिडफिल्डर आणि मालकाच्या हट्टापायी आणलेला स्ट्रायकर यांना घेऊन नवीन माणसाने शनिवारी जिंकून दाखवायचं. त्याच्या हातात काय उरतं? संघाची मांडणी, कोण खेळणार, सराव कसा, आणि सत्तराव्या मिनिटाला कुणाला बाहेर काढायचं. हे काही थोडं नाही, पण चहाच्या गाड्यावर आपण त्याच्या गळ्यात जेवढं बांधतो, तेवढंही नाही.

मग बळी त्याचाच का?

कारण बाकी कुणाला हात लावता येत नाही.

खेळाडू करारांनी बांधलेले असतात. त्यांची खरेदी-विक्री फक्त उन्हाळ्यात आणि जानेवारीत, ठरावीक आठवड्यांतच होते. या काळाला 'ट्रान्स्फर विंडो' म्हणतात. ऑक्टोबरात सलग पाच सामने हरलात तर पंचवीस जणांचा ताफा बदलणं नियमानेच अशक्य. मालक स्वतःला काढणार नाही. स्पोर्टिंग डायरेक्टर पडद्याआड असतो, त्याचा चेहरा प्रेक्षकांना नीट आठवतही नाही. उरतो एकच माणूस, ज्याला सोमवारी सकाळी बदलता येतं आणि ज्याच्या जाण्याने स्टेडियममधल्या घोषणा थांबतात.

हे स्वस्त असतं असंही नाही. २०१८ च्या डिसेंबरात युनायटेडने जुझे मोरिन्यो यांना काढलं, तेव्हा त्यांची आणि त्यांच्या सहायकांची भरपाई क्लबच्या हिशेबात १ कोटी ९६ लाख पौंड दिसली. आजच्या भावाने दोनशे कोटी रुपयांच्या घरात. एवढे पैसे माणसाने काम करू नये म्हणून! तरीही मालकाला हा सौदा परवडतो, कारण समोरची भीती याहून मोठी असते. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या विभागात, वीस क्लब, प्रत्येकाचे ३८ सामने, आणि शेवटचे तीन क्लब खालच्या विभागात ढकलले जातात. या घसरणीला 'रेलिगेशन' म्हणतात. वरच्या विभागात अगदी तळाला राहिलेल्या क्लबलाही एका हंगामाचे दहा कोटी पौंडांहून जास्त मिळतात. खाली गेलं की ही धार आटते. सतराव्या आणि अठराव्या क्रमांकात कधी कधी एका गुणाचा फरक असतो, आणि त्या एका गुणावर एवढे पैसे लटकत असतात. मालक घाबरतो. घाबरलेला माणूस काहीतरी केल्याशिवाय राहत नाही.

'पण नवीन आला आणि लगेच जिंकले की!'

हा आक्षेप प्रत्येक घोळक्यात येतो, आणि तो डोळ्यांनी बघितलेला असल्यामुळे खोडणं अवघड जातं. इथे फुटबॉल क्षणभर बाजूला ठेवून आपल्या जिल्ह्याकडे बघू.

पाऊस लांबला की गावात धोंडी निघते. पोरं अंगाला कडुलिंबाचा पाला गुंडाळून 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत दारोदार फिरतात आणि बाया त्यांच्यावर घागरी ओततात. धोंडी कधी निघते? जून बरा गेला असेल तर कुणालाच आठवत नाही. जुलै कोरडा गेला, ऑगस्ट उलटत आला, पिकं माना टाकायला लागली, की मग निघते. आणि सोलापूर जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस पडतो तो सप्टेंबरात. धोंडी निघाली, आठ-पंधरा दिवसांत सर कोसळली, श्रेय पाल्याला. धोंडी काढली नसती तरी पाऊस बहुधा आलाच असता, हे कुणी तपासत नाही. तपासणार कसं? ज्या वर्षी धोंडी निघत नाही, त्या वर्षीची आठवणच कुणी ठेवत नाही.

मॅनेजर नेमका असाच, सगळ्यात वाईट आठवड्यात काढला जातो. कुठल्याही संघाची स्वतःची एक पातळी असते. कधी तो तिच्या वर खेळतो, कधी खाली. सलग सहा सामने हरलेला संघ सहसा आपल्या पातळीच्या बराच खाली गेलेला असतो. त्यात दोन सामने खांबाला लागलेल्या चेंडूने घालवलेले असतात, एक रेफ्रीच्या निर्णयाने, आणि मुख्य स्ट्रायकर जायबंदी. हे सगळं एकदम पुढेही तसंच चालू राहण्याची शक्यता कमी. पुढचे सहा सामने आधीच्या सहापेक्षा बरे जाणार, हेच जास्त संभवतं, मग रेषेवर कोणीही उभा असो. संख्याशास्त्रात याला 'सरासरीकडे परतणं' म्हणतात.

हे कुणी मोजलं आहे का? मोजलं आहे. डच अर्थतज्ज्ञ बास टेर वील यांनी १९८६ ते २००४ या काळातली नेदरलँड्सची लीग तपासली. त्यांची युक्ती साधी होती. ज्या क्लबांनी मॅनेजर काढला त्यांच्या शेजारी त्यांनी असे क्लब ठेवले, ज्यांची घसरण तशीच झाली होती पण ज्यांनी मॅनेजर ठेवला. हाकलणारे सावरले, हे खरंच होतं. पण न हाकलणारेही तसेच सावरले. आपण चहाच्या गाड्यावर फक्त पहिला गट बघतो. दुसऱ्या गटाची बातमी होत नाही, कारण तिथे काही घडलेलंच नसतं.

आता युनायटेडवाल्यांना जिव्हारी लागणारं उदाहरण. मोरिन्यो गेले आणि त्यांच्या जागी हंगामी म्हणून ओले गुनार सोल्सशेअर आले. १९९९ मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी गोल मारणारा क्लबचा लाडका. पहिले आठही सामने जिंकले. मार्च २०१९ मध्ये पॅरिसला जाऊन तिथल्या पीएसजी क्लबला धूळ चारली. हंगामी म्हणून १९ सामने, त्यात १४ विजय. क्लबने २८ मार्चला कायमची नेमणूक दिली. त्यानंतर हंगामात उरले होते दहा सामने. जिंकले किती? दोन. सहा हरले, आणि शेवटच्या दोन सामन्यांत, खाली घसरलेल्या हडर्सफील्डशी बरोबरी आणि कार्डिफकडून घरच्या मैदानावर हार. माणूस तोच होता, खेळाडू तेच होते. सुरुवातीची लाट वर गेली होती, तशी खाली आली.

उलटंही घडतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये युनायटेडने एरिक टेन हाग यांना काढलं, तेव्हा संघ चौदाव्या स्थानावर होता. आमोरिम आले. हंगाम संपला तेव्हा संघ पंधराव्या स्थानावर होता.

नशीब मोजायचं कसं?

'नशीब' म्हटलं की गप्पा मारणाऱ्यांना वाटतं पळवाट काढली. पण फुटबॉलमध्ये नशिबाला जागा मोठी आहे आणि कारण साधं आहे: गोल फार कमी होतात. टी-ट्वेंटीत दोनशे चाळीस चेंडू, तीनशेच्या वर धावा. एक झेल सुटला तरी सामन्यात सावरायला वाव असतो. फुटबॉलमध्ये दोन्ही संघांचे मिळून सामन्याला सरासरी तीनच्या आसपास गोल. त्यातला एक जरी कुणाच्या तरी टाचेला लागून आत गेला, तर निकालच फिरतो.

म्हणून हल्ली टीव्हीवर 'एक्सजी' नावाचा आकडा दिसतो. म्हणजे 'अपेक्षित गोल'. हजारो जुन्या फटक्यांचा हिशेब करून असं काढतात की या जागेवरून, या कोनातून मारलेला फटका किती वेळा गोल होतो. शंभर पेनल्टी मारल्या तर पंचाहत्तर ते ऐंशी आत जातात, म्हणून एका पेनल्टीचं मोल साधारण ०.७६ ते ०.७९. तीस यार्डांवरून गर्दीतून मारलेला फटका ०.०३ वगैरे. सामन्यातल्या सगळ्या फटक्यांची बेरीज केली की कळतं, संघाने संधी किती तयार केल्या. गोल झाले की नाही, तो वेगळा मुद्दा.

याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे ब्रायटन. २०२०-२१ मध्ये ग्रॅहम पॉटर यांचा हा संघ सोळाव्या स्थानावर राहिला. टेबल, म्हणजे गुणतालिका, बघणारा म्हणेल, हाकला. पण एक्सजी बघणारे डोकं खाजवत होते, कारण संधी तयार करण्यात हा संघ वरच्या संघांच्या रांगेत होता. फक्त चेंडू आत जात नव्हता. क्लबने मॅनेजर ठेवला. पुढच्या हंगामात ब्रायटन नववं आलं. हेच पॉटर सप्टेंबर २०२२ मध्ये चेल्सीत गेले, सात महिनेही टिकले नाहीत, आणि त्या वर्षी चेल्सी बारावं आलं. चेल्सीची जर्सी घालून हिंडणाऱ्या मित्राला हे सांगायचं असेल तर चहाचे पैसे आधी तुम्ही द्या.

पगाराचं टेबल

मग संघाची ती 'स्वतःची पातळी' ठरते कशावर? उत्तर रुक्ष आहे: पगारावर. क्लब खेळाडूंच्या पगारावर एकूण किती खर्च करतो, त्यानुसार क्लबांची एक यादी करा. शेजारी पाच-दहा वर्षांतल्या सरासरी क्रमांकांची यादी ठेवा. दोन्ही याद्या कमालीच्या सारख्या निघतात. इंग्लंडमधल्या अर्थतज्ज्ञांनी हे वर्षानुवर्षांच्या आकड्यांवरून दाखवलं आहे. चांगले खेळाडू महाग असतात, श्रीमंत क्लबच त्यांना पोसू शकतात, आणि चांगले खेळाडू असलेला संघ जिंकतो. यात गूढ काही नाही.

एका हंगामापुरतं हे गणित फसतं. लेस्टरने २०१५-१६ मध्ये लीग जिंकली, तेव्हा हंगामाआधी सट्टेबाजांनी त्यांना एकास पाच हजारांचा भाव दिला होता. मॅनेजर क्लॉडिओ रानिएरी देवपदाला पोहोचले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये, नऊ महिन्यांनी, त्यांना काढलं. सहायक क्रेग शेक्सपिअर यांच्या हाती संघ आला आणि लीगचे पहिले पाचही सामने जिंकला. बघा, धोंडी निघाली, पाऊस आला! त्या शेक्सपिअर यांनाही ऑक्टोबर २०१७ मध्ये घरी पाठवलं.

दुसऱ्या टोकाला युनायटेड. देशातल्या सर्वांत मोठ्या पगारांपैकी एक देऊन २०२४-२५ मध्ये पंधरावं. म्हणजे पैसे ओतले की यश आपोआप येतं असं नाही. पण दर तीन वर्षांनी आधीच्या मॅनेजरच्या पसंतीचे महागडे खेळाडू नव्याच्या डोक्यावर टाकत राहिलं, तर पैसे कसे वाया जातात याचा तो उत्तम नमुना आहे. युनायटेडचे जुने मॅनेजर फर्ग्युसन २०१३ मध्ये निवृत्त झाले. तेव्हापासून २०२४ अखेरपर्यंत मोयस, फान खाल, मोरिन्यो, सोल्सशेअर, टेन हाग, आमोरिम असे सहा कायमस्वरूपी मॅनेजर झाले, मधले हंगामी वेगळे. प्रत्येकाची शैली निराळी, प्रत्येकाची खरेदीची यादी निराळी.

'मग फर्ग्युसनना काय म्हणाल?'

नाव घेतलंच आहे तर हा आक्षेप टाळता येणार नाही. सर अॅलेक्स फर्ग्युसन, १९८६ ते २०१३, तेरा प्रीमियर लीग. मॅनेजरने फारसा फरक पडत नाही म्हणणाऱ्याने यांच्यापुढे काय बोलावं?

मी असं म्हणत नाही की फरक पडत नाही. म्हणणं एवढंच की फार थोड्यांमुळे पडतो. श्रीमंत युनायटेडला फर्ग्युसननी जिंकवलं, यापेक्षा भारी पुरावा त्याआधीचा आहे. स्कॉटलंडची लीग म्हणजे सेल्टिक आणि रेंजर्स या ग्लासगोच्या दोन क्लबांची जहागीर. तिथे फर्ग्युसननी अॅबरडीनला १९८०, १९८४ आणि १९८५ मध्ये विजेतेपद मिळवून दिलं, आणि १९८३ मध्ये कप विनर्स कप या युरोपातल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला हरवलं. १९८५ नंतर २०२५ पर्यंत सेल्टिक आणि रेंजर्सशिवाय तिथे तिसऱ्या कुणाला लीग जिंकता आलेली नाही. खिशात कमी पैसे असताना जास्त देणाऱ्यांना हरवणं, तेही पुन्हा पुन्हा, ही खरी मॅनेजरची परीक्षा.

आता याच फर्ग्युसनना युनायटेडमध्ये काय मिळालं बघा. सप्टेंबर १९८९ मध्ये मँचेस्टर सिटीकडून ५-१ असा पराभव. त्या हंगामाअखेर संघ तेरावा. मॅनेजरला घालवा म्हणणारे प्रेक्षक तेव्हाही होते. क्लबने ठेवलं. त्याच हंगामात एफए कप ही लीगपेक्षा वेगळी, बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली, पण लीग मिळायला १९९३ उजाडावं लागलं. आजच्या हिशेबाने एवढ्या वेळात तीन माणसं बदलून झाली असती.

आर्सेनलवाले इथे हमखास मिकेल आर्तेता यांचं नाव घेतात, आणि घ्यावंच. २०२० च्या नाताळाला आर्सेनल पंधरावं होतं, हंगामाअखेर आठवं. मॅनेजर राहिला, आणि २०२३, २०२४, २०२५ असं सलग तीनदा दुसरं आलं. पण एक सावधानता: 'धीर धरला की फळ मिळतं' हेही सिद्ध होत नाही. धीर धरून खाली गेलेले क्लब आपल्या लक्षात राहत नाहीत, एवढंच.

जागा बदलली की माणूस बदलतो

नॉटिंगहॅम फॉरेस्टचं उदाहरण दोन्ही बाजूंनी कापतं. नुनो एश्पिरितो सांतो यांनी २०२४-२५ मध्ये त्यांना सातवं आणलं आणि जवळपास तीस वर्षांनी युरोपच्या स्पर्धेत नेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये, लीगचे जेमतेम तीन सामने झाले असताना, त्यांना काढलं. निकाल वाईट नव्हते. मालकाशी बिनसलं होतं. त्यांच्या जागी आले अँज पोस्तेकोग्लू. हे तेच गृहस्थ, ज्यांनी मे २०२५ मध्ये टॉटनहॅमला युरोपा लीग, म्हणजे युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा, जिंकून देऊन सतरा वर्षांचा दुष्काळ संपवला, आणि सोळा दिवसांनी नोकरी गमावली, कारण लीगमध्ये संघ सतरावा होता. फॉरेस्टमध्ये ते ३९ दिवस टिकले. आठ सामने, एकही विजय नाही. चेल्सीविरुद्धचा सामना संपल्यावर वीस मिनिटांच्या आत हकालपट्टी जाहीर झाली. प्रेक्षक अजून घरीही पोहोचले नव्हते.

आता याच क्लबचा इतिहास काढा. ब्रायन क्लफ यांना १९७४ मध्ये लीड्स युनायटेडने ४४ दिवसांत काढलं होतं. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या विभागात पडलेल्या फॉरेस्टमध्ये आले. १९७७ ला वर चढले, १९७८ ला लीग जिंकली, १९७९ आणि १९८० ला लागोपाठ युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग. लीड्सने काढला तो नालायक मॅनेजर आणि फॉरेस्टने ठेवला तो थोर मॅनेजर, हे दोघं एकच. फरक होता तो खेळाडूंचा. लीड्सच्या प्रस्थापितांना क्लफ नकोच होते. फॉरेस्टमध्ये त्यांनी संघ स्वतःच्या हाताने बांधला, आणि जोडीला पीटर टेलर हा खेळाडू हेरणारा सहकारी होता, जो लीड्सला त्यांच्यासोबत गेला नव्हता. म्हणून 'मॅनेजर चांगला की वाईट' हा प्रश्नच अर्धा आहे. कुठल्या क्लबात, कुणाच्या हाताखाली, कुणाला घेऊन, हे जोडलं की तो पूर्ण होतो.

'कधीतरी काढावंच लागतं ना?'

लागतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अॅस्टन व्हिलाने स्टीव्हन जेरार्ड यांना काढलं तेव्हा संघ सतरावा होता. उनाय एमरी आले, हंगाम सातव्या स्थानावर संपला, पुढच्या वर्षी चौथा क्रमांक आणि चॅम्पियन्स लीग. ही निव्वळ सरासरीकडे परतण्याची गोष्ट नाही. व्हिला आपल्या सरासरीच्या पुढे गेला आणि तिथेच राहिला. जानेवारी २०२१ मध्ये चेल्सीने फ्रँक लॅम्पार्ड यांच्या जागी थॉमस टूखेल यांना आणलं आणि त्याच मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली.

पण बघा, दोन्ही ठिकाणी नुसता जुना माणूस हलवला नाही. आधीच्यापेक्षा कितीतरी अनुभवी माणूस आणला, आणि हाती असलेल्या खेळाडूंना त्याची पद्धत जुळणारी होती. चहाच्या गाड्यावर 'कुणाला काढायचं' यावर तासभर भांडण होतं. 'कुणाला आणायचं' म्हटलं की प्रत्येक जण पेप गार्डिओला किंवा युर्गन क्लोप यांचं नाव घेऊन मोकळा होतो.

डर्बी हरली की डोकं का फिरतं?

शेजारच्या किंवा जन्माच्या वैरी क्लबाशी होणाऱ्या सामन्याला 'डर्बी' म्हणतात. टेबलात डर्बी जिंकल्याचेही इतर विजयांसारखे तीनच गुण. मनात मात्र तीस.

आर्सेनल आणि टॉटनहॅमचं वैर सुरू झालं कारण १९१३ मध्ये आर्सेनल दक्षिण लंडनमधून उठून थेट टॉटनहॅमच्या अंगणात राहायला आलं. मँचेस्टर आणि लिव्हरपूलचं भांडण तर फुटबॉलचं नव्हतंच. ते कापसाचं होतं. मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस लिव्हरपूलच्या बंदरात उतरायचा आणि बंदर त्याचे पैसे घ्यायचं. वैतागून मँचेस्टरने समुद्रापर्यंत स्वतःचा कालवा खणला आणि १८९४ मध्ये जहाजं थेट शहरात आणली. युनायटेडच्या चिन्हावरचं जहाज आलं ते शहराच्या मानचिन्हावरून, आणि ते कालव्याच्याही आधीचं. सोलापूरसारख्या, जुन्या मिलच्या भोंग्यावर उठलेल्या शहरातल्या माणसाला हे भांडण वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणि तालमीतालमींचं वैर बघायचं असेल तर कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार यांच्यात सामना असताना जाऊन या.

या वैरामुळे निर्णय बिघडतात. ५ मार्च २०२३ ला लिव्हरपूलने टेन हाग यांच्या युनायटेडला ७-० असं लोळवलं. त्या रात्री आपल्याकडच्या युनायटेडवाल्यांनी मोबाइल बंद ठेवले. पण सात गोल खाल्ले तरी गेले तीनच गुण. आठवडाभर आधी त्याच संघाने लीग कप ही वेगळी स्पर्धा जिंकली होती आणि हंगामाअखेर तो लीगमध्ये तिसरा आला. ७-० हा आकडा मात्र त्या मॅनेजरच्या नावाला कायमचा चिकटला. २०२४ च्या मे महिन्यात एफए कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी सिटीला, म्हणजे दुसऱ्या वैऱ्याला, २-१ असं हरवलं. त्या आनंदाच्या लाटेत क्लबने उन्हाळ्यात त्यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरात काढलं. टेन हाग आणि त्यांच्या सहायकांना निरोप द्यायला १ कोटी ४ लाख पौंड लागले.

आणि आपल्याकडे?

भारतातही हे सगळं आहे, फक्त पैसा कमी. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाची सूत्रं खालिद जमील यांच्याकडे आली, तेव्हा अनेकांना त्यांची २०१६-१७ ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली वरची लीग, आठवली. मिझोरामचं ऐझॉल एफसी आदल्या वर्षी खालच्या विभागात गेलेलं होतं. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्यांना परत जागा मिळाली. मोहन बागान, ईस्ट बंगाल, बंगळुरू अशा धनाढ्यांना मागे टाकून जमील यांनी त्या संघाला विजेता केलं. लेस्टरपेक्षा ही गोष्ट मला काकणभर सरसच वाटते.

पुढच्या हंगामात ईस्ट बंगालने त्यांना उचललं. क्लब मोठा होता, पैसा जास्त होता आणि मॅनेजर तर विजेताच होता. त्या वर्षी आय-लीग जिंकली मिनर्व्हा पंजाबने.